फायली राहिल्या, पेजमेकर गेला

सोलापूरच्या भवानी पेठेत पेजमेकर, म्हणजे छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर, अजून चालतो. ज्या कंपनीकडे तो होता तिने २००४ साली त्याची पुढची वाढ थांबवली, त्यालाही आता वीस वर्षं उलटून गेली. पण इथल्या डीटीपीच्या दुकानांत एखादा जुना संगणक केवळ त्याच्यासाठी राखून ठेवलेला दिसतो. त्याला इंटरनेट जोडायचं नाही, त्यावर नवीन काही टाकायचं नाही, विंडोज अपडेट होऊ द्यायची नाही आणि पोरांना त्याला हात लावू द्यायचा नाही, असे त्याचे कडक नियम असतात.

अशाच एका दुकानात मी प्रूफं वाचायला जातो. शाळेची स्मरणिका, कुणाचा पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ, पतसंस्थेचा अहवाल, देवस्थानची पुस्तिका अशी ही कामं. भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना आहे. माग सुरू असला की ऱ्हस्व-दीर्घ ओरडून सांगितलं तरी कळत नाही, कागदावर बोट ठेवून दाखवावं लागतं. दुकान चालवणाऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि अक्कलकोटकडचं कुणी आलं तर त्याच्याशी कन्नड. सोलापूरच्या पूर्वभागात यात नवल वाटण्यासारखं काही नाही. लग्नपत्रिकाही तशाच निघतात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू आणि नावं दोन्हीकडे बिनचूक हवीत, कारण चूक झाली तर दोन्हीकडचे पाहुणे दुकानात येतात.

अण्णा कामाला बसले की त्यांची बोटं बघत राहावीत. कंट्रोल-डी दाबलं की मजकूर पानावर येतो, कंट्रोल-टी दाबलं की अक्षराचा आकार, कंट्रोल-एमला परिच्छेद, कंट्रोल-आयला टॅब. माऊसकडे हात क्वचित जातो. सोळा पानांची पुस्तिका असेल तर पहिल्या पानाशेजारी सोळावं, दुसऱ्याशेजारी पंधरावं अशी छपाईची जुळणी पेजमेकर स्वतः करून देतो. ‘बिल्ड बुकलेट’ म्हणतात त्याला. ज्यांनी ही पानं हाताने जुळवली आहेत आणि एक पान उलटं लागल्यामुळे अख्खा फर्मा रद्दीत घातला आहे, त्यांनाच या सोयीची किंमत कळते. पान तयार झालं की बटर पेपरवर प्रिंट, त्यावरून प्लेट, मग मिनी ऑफसेट. भवानी पेठेतून निघालेल्या किती पत्रकांचा, पावतीपुस्तकांचा, पत्रिकांचा जन्म या एकाच खिडकीत झाला असेल, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

पेजमेकर मुळात अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. पॉल ब्रेनर्ड नावाच्या माणसाने आल्डस नावाची कंपनी काढली आणि १९८५ साली मॅकिंटॉशसाठी पेजमेकर बाजारात आणला. दोन वर्षांनी तो विंडोजवरही आला. आल्डस हे नाव पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या मुद्रकाचं, आल्डस मनुशियसचं. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ ही संज्ञाही ब्रेनर्ड यांनीच रुजवली. आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या पाट्यांवर ती ‘डीटीपी’ होऊन बसली. १९९४ साली अ‍ॅडोबीने आल्डस विकत घेतली, २००१ साली पेजमेकरची सातवी आवृत्ती आली आणि ती शेवटची ठरली. दरम्यान १९९९ साली त्याच कंपनीने इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. २००४ साली सांगण्यात आलं की यापुढे पेजमेकरमध्ये नवीन काही होणार नाही, इनडिझाइनकडे या.

सोलापूरला पान जुळवण्याची जुनी सवय आहे. शंभर वर्षं ओलांडलेलं दाते पंचांग याच गावचं. जीवराज जैन ग्रंथमालेने प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या साक्षेपी आवृत्त्या इथूनच प्रकाशित केल्या. खिळ्यांच्या काळात मराठी पान म्हणजे शेकडो खणांच्या केसेस, हातात स्टिक, आणि काना-मात्रा-वेलांटीचा एकेक तुकडा उचलून जुळवणारा कंपोझिटर. इंग्रजी कंपोझिटरपेक्षा त्याला कितीतरी जास्त खण तोंडपाठ असावे लागत. डीटीपी आला तेव्हा पाचव्या-सहाव्या तासाला पाय भरून येणारी ती उभी राहायची नोकरी संपली. मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेल्या मुला-मुलींना काम मिळालं, कारण फाँट बनवणाऱ्या कंपन्यांनी टाइपरायटरचाच कळफलक संगणकावर दिला होता. बोटांना आलेली सवय वाया गेली नाही. पेजमेकरवर लोकांचा जीव का जडला, याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं.

उरलेलं निम्मं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे आणि तेच मला या लेखात सांगायचं आहे.

पेजमेकरला मराठी कधीच येत नव्हतं. देवनागरी लिपी कशी वळते, जोडाक्षर कसं बनतं, ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने नंतरची असून अक्षराच्या आधी का बसते, यातलं त्याला काहीही ठाऊक नव्हतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती अशा आपल्याकडच्या उत्पादनांनी तोडगा काढला. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर त्यांनी मराठीचे तुकडे बसवले. पेजमेकरला वाटतं की आपण इंग्रजी अक्षर ठेवतोय, पडद्यावर दिसतं मराठी. हुशारीचा आणि त्या काळाला अत्यंत गरजेचा असा हा तोडगा होता. तो निघाला नसता तर नव्वदच्या दशकातली मराठी छपाई एवढी स्वस्त आणि एवढी सर्वदूर झालीच नसती.

एक शब्द घेऊन सांगतो. ‘मार्कंडेय’ हा शब्द भवानी पेठेत रोज टाइप होतो. पद्मशाली समाजाचं हे दैवत, नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो, आणि त्याच्या नावाने इथे संस्था आहेत, दुकानं आहेत. या शब्दात ‘क’च्या डोक्यावर रफारही आहे आणि अनुस्वारही. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठतो: म, काना, मग र, हलन्त, क, अनुस्वार असा. रफार वर चढवायचा आणि अनुस्वार त्याला चिकटवायचा हे काम फाँट आणि संगणक मिळून करतात. जुन्या फाँटात तसं नव्हतं. तिथे आधी ‘मा’, मग ‘क’, आणि त्यानंतर रफार-अनुस्वाराचा एकत्र असलेला एक वेगळा तुकडा. तो कळफलकावर कुठेच नसे. ऑल्ट दाबून चार आकडे मारले की तो यायचा. अण्णांना असे कितीतरी आकडे पाठ आहेत. फाँट बदलला की आकडेही बदलतात, कारण प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या सोयीने मांडलेले.

याचा परिणाम असा की त्या काळच्या फायलीत मराठी नसतंच. असते ती इंग्रजी अक्षरांची, स्वल्पविरामांची, डॉलरच्या खुणांची रांग. तो विशिष्ट फाँट समोर असेल तरच ती रांग ‘मार्कंडेय’ वाचली जाते. फाँट गेला की अर्थही गेला. आणि ही रांग ज्या पेजमेकरच्या फायलीत आहे, ती फाईल उघडणारं सॉफ्टवेअरही गेलं, तर दोन कुलपं झाली आणि किल्ल्या दोघांच्या हातात.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेचे पदाधिकारी दुकानात आले. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांची स्मरणिका याच दुकानात झाली होती. आता पुन्हा उत्सव होता. जुना इतिहास तसाच ठेवायचा, पुढची पंचवीस वर्षं जोडायची, एवढंच काम. अण्णांनी सीडी काढली. सीडी वाचली गेली, फाईल उघडली, आणि पडद्यावर आलं ते कुणालाच वाचता येईना. त्या मजकुराचा फाँट जिच्याकडून घेतला होता त्या कंपनीचं कुलूप, ज्याला डोंगल म्हणतात, जुन्या प्रिंटरच्या पोर्टला लागणारं होतं. तसं पोर्ट आताच्या संगणकाला नसतं. त्या कंपनीकडे विचारणा केली तर उत्तर आलं की ते उत्पादन आता नाही, नवीन घ्या. नव्यातल्या तुकड्यांची मांडणी वेगळी. ‘ष्ट’ गळत होता, ‘द्ध’च्या जागी चौकट येत होती.

“उघडती ओ फाईल, वाचता येईना झालीय बघा,” अण्णा म्हणाले.

शेवटी संस्थेच्या कपाटातून एक छापील प्रत मिळाली. पानं एकमेकांना चिकटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. अण्णांच्या सुनेने ती समोर ठेवून सगळा मजकूर परत टाइप केला आणि मी तिच्याशी ताडून प्रूफ वाचलं. संस्थापकांची नावं असलेल्या पानाचा खालचा कोपरा नव्हता. तिथली नावं जुन्या सभासदांना फोन करकरून भरली. अण्णांनी हा खर्च गिऱ्हाइकाकडून घेतला नाही. त्यांचं म्हणणं असं की मजकूर एकदा आपल्याकडे दिला, तो सांभाळणं आपलं काम होतं. मला हे मान्य नाही. त्यांनी सांभाळला होता. सीडी कोरडी, नाव-तारीख लिहिलेली, डबीत होती. फाँट त्यांनी पैसे मोजून, पावती घेऊन आणला होता.

पावतीचा विषय निघालाच आहे तर तेही स्पष्ट बोललं पाहिजे. त्या काळात पेजमेकर सगळ्यांनी विकत घेतला होता असं नाही. एका छोट्या दुकानाला ती किंमत परवडणारी नव्हती, आणि संगणक जोडून देणारा माणूसच सीडीवरून तो घालून द्यायचा. त्यामुळे २००४ साली तो बंद झाला तेव्हा इथून कुणी आवाज केला नाही. ज्याच्याकडे पावती नाही तो तक्रार कुणाकडे करणार? जिथे पैसे मोजणारे ग्राहक होते तिथे कंपनीला त्यांचा विचार करावा लागला. इनडिझाइनकडे येणाऱ्यांसाठी खास आवृत्ती निघाली, जिच्यात पेजमेकरच्या सवयीची पुस्तिका-जुळणी होती. आपल्याकडचा धंदा मात्र गप्प राहिला, आणि गप्प राहिल्यामुळे जगाच्या हिशेबात आपण ग्राहक म्हणून कुठेच आलो नाही. चोरीच्या प्रतीचं समर्थन मी करत नाही. तिने धंद्याचा आवाज काढून घेतला, हे तिच्यामुळे झालेलं मोठं नुकसान आहे असं मला वाटतं.

कंपनीची बाजूही आहे. वीस वर्षं जुन्या पायावर इमले चढवत राहता येत नाही. इनडिझाइन हे खरोखरच चांगलं सॉफ्टवेअर आहे, आणि पेजमेकरच्या जुन्या फायली उघडण्याची सोय त्यात बरीच वर्षं होती. पण मराठीच्या दृष्टीने हिशेब वेगळा आहे. २००४ साली जुनं थांबलं तेव्हा नव्याला आपली लिपी येत नव्हती. जुने फाँट त्यात चालत, पण युनिकोड मराठी टाकली की जोडाक्षरं फुटत, वेलांट्या जागा सोडत, आणि ते टाळायचं तर तिसऱ्या कुणाचं प्लगइन घ्यावं लागे. देवनागरी आणि इतर भारतीय लिप्यांची सोय इनडिझाइनमध्ये आली ती २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीत. मधली आठ वर्षं मराठी दुकानदाराने काय करायचं होतं? त्याने पेजमेकर धरून ठेवला. ‘लोक बदलायला तयार नसतात’ असं म्हणणाऱ्यांनी ही आठ वर्षं आधी लक्षात घ्यावीत. आणि पुढे फटका बसला तो असा, की इनडिझाइनला लिपी येऊ लागल्यावर लगेचच्या नव्या मालिकेतून पेजमेकरची फाईल थेट उघडण्याची सोय निघून गेली.

त्याच सुमारास, मे २०१३ मध्ये, अ‍ॅडोबीने जाहीर केलं की सॉफ्टवेअरच्या यापुढच्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, भाड्यानेच मिळतील. हजारो ग्राहकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या, निर्णय बदलला नाही. भाडं थांबलं की आपणच केलेलं काम आपल्याला त्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येत नाही. फ्रीहँड हे चित्रकारांचं लाडकं सॉफ्टवेअर २००७ मध्ये असंच थांबवलं गेलं, तेव्हा त्याच्या चाहत्यांनी पुढे २०११ मध्ये न्यायालयाचं दार ठोठावलं. २०२३ च्या जानेवारीत जुन्या टाइप-१ फाँटचा आधार काढून घेतला गेला. एकेक वेळी कारण पटण्यासारखं असतं. पण दर वेळी जुनं काम कुठे उघडायचं, हा प्रश्न काम करणाऱ्याच्या अंगावर टाकला जातो.

सोलापूरला बंद पडण्याचा अनुभव नवा नाही. १८७७ सालची जुनी मिल बंद झाली, लक्ष्मी-विष्णू बंद झाली, नरसिंग गिरजी बंद झाली. त्यात माणसं अक्षरशः रस्त्यावर आली, त्या दुःखाशी मी सॉफ्टवेअरची बरोबरी करणार नाही. पण मिलमध्ये शिकलेला हात घरी घेऊन जाता आला, मागावर बसता आलं. शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने टाइपरायटर बनवणं थांबवलं, २०११ साली त्याची बातमी जगभर गेली. टाइपरायटर यायचे थांबले तरी त्याच्यावर उमटलेला कागद आजही कुणालाही वाचता येतो. कोर्टाच्या आवारात त्याची फीत मिळेल तोवर यंत्रही चालतं.

अण्णांच्या भिंतीपलीकडे जा. तिथे चादरीवर मोर उतरवणारी जेकार्डची कार्डं मागाच्या वर टांगलेली दिसतील. जोसेफ मारी जाकार नावाच्या फ्रेंच विणकराची ही रचना १८०४ च्या सुमाराची. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांना भोकं, आणि त्या सगळ्या दोऱ्याने ओवून केलेली माळ. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एक कार्ड म्हणजे विणीची एक ओळ. कार्ड फाटलं तर नुसत्या नजरेने भोकं मोजून दुसरं पाडता येतं. जेकार्ड बनवणारा कारखाना उद्या बंद झाला तरी त्याच मापाच्या दुसऱ्या यंत्रावर ती माळ चढते. वडिलांच्या काळची नक्षी मुलगा विणतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पुढे संगणकाची कल्पना ज्यांनी मांडली त्या चार्ल्स बॅबेज यांनी भोकांची कार्डं याच यंत्रावरून घेतली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. या नक्ष्या टिकल्या म्हणून ते मिळवता आलं, असं मला वाटतं. आता काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड येत आहेत, आणि नक्षी पुठ्ठ्याऐवजी फायलीत जाते आहे. ती फाईल कोणत्या सॉफ्टवेअरची आहे आणि ते थांबलं तर ती दुसऱ्यात उघडेल का, हे यंत्र घेतानाच विचारावं, असं मी ओळखीच्या कारखानदारांना सांगत असतो.

कुणी म्हणेल, पत्रिका आणि पावतीपुस्तकं गेली तर काय बिघडलं? छापली, वाटली, काम झालं. मला तसं वाटत नाही. १९९० ते २०१५ या काळातलं सोलापूर त्या फायलींत आहे. विडी कामगार बायकांच्या मोर्च्यांची मराठी-तेलुगू पत्रकं, त्यांच्या घरकुलांच्या मागणीची निवेदनं. शहराजवळच्या कुंभारीला त्यांची दहा हजार घरं उभी राहिली तो लढा पुस्तकांत फार थोडा आहे, पत्रकांत जास्त आहे. यंत्रमाग कामगारांच्या मजुरीच्या करारांचे तक्ते. गड्ड्याच्या जत्रेतल्या नाटक-सर्कशींची हँडबिलं. हौशी कवींनी पदरमोड करून काढलेले दीडशे-दोनशे प्रतींचे संग्रह, तेलुगू भजनांच्या देवनागरीत लिहिलेल्या वह्या, वाचनालयांच्या पुस्तकयाद्या. यातलं काहीही राज्याच्या अभिलेखागारात जाणारं नव्हतं. त्याची मूळ प्रत डीटीपीवाल्याच्या संगणकात राहिली आणि त्याला हे कुणी कधी सांगितलं नाही की बाबा, तू गावाचा दप्तरदार आहेस. संगणक जुना झाला की तो भंगारात किलोवर जातो. हार्ड डिस्कसकट.

सॉफ्टवेअर थांबवण्याचा अधिकार कंपनीला आहे, हे मी मान्य करतो. तिने ते घडवलं, ती ते थांबवू शकते. पण त्यात लिहिलेला मजकूर तिचा नाही. तो त्या संस्थेचा, त्या कवीचा, त्या विडी कामगार बाईचा आहे. म्हणून थांबवताना दोन गोष्टी करणं तिचं कर्तव्य आहे, आणि ते कायद्यानेही बंधनकारक व्हावं. फाईलची अंतर्गत रचना खुली करावी, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती वाचणारं साधन बनवता येईल. आणि शेवटची आवृत्ती कुलपाशिवाय उपलब्ध ठेवावी. हे अशक्य नाही. २०१२ च्या अखेरीस सीएस-२ या जुन्या मालिकेचे परवाना तपासणारे सर्व्हर बंद केल्यावर त्याच अ‍ॅडोबीने जुन्या ग्राहकांसाठी तपासणी न लागणाऱ्या प्रती ठेवल्या होत्या. एकदा करता आलं ते नेहमी करता येईल. आपल्या मराठी फाँटकंपन्यांकडूनही माझी हीच अपेक्षा आहे, किंबहुना जास्त आहे, कारण त्यांनी विकलेलं साधन आपल्या भाषेचं होतं. जुन्या फाँटांच्या तुकड्यांचे तक्ते त्यांनी जाहीर करावेत. त्यात आता व्यापारी गुपित काही उरलेलं नाही.

कंपन्यांनी केलं नाही ते काही स्वयंसेवकांनी केलं, हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं. २०१४ साली डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट नावाचा उपक्रम सुरू झाला. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरांच्या फायली आतून तपासायच्या, त्यांची रचना उलगडायची आणि त्या उघडणारी साधनं फुकट द्यायची, एवढंच त्यांचं काम. त्यातून पेजमेकरच्या फायली वाचणारं साधन तयार झालं, आणि जानेवारी २०१५ मध्ये आलेल्या लिब्रेऑफिस ४.४ पासून त्यातल्या ‘ड्रॉ’मध्ये या फायली उघडू लागल्या. पान हुबेहूब येत नाही, काही ठिकाणी ओळी सरकतात, पण मजकूर हाती लागतो. तो जुन्या फाँटाच्या भाषेतच असतो. तिथून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं आहेत, त्यांतून काढून एकदा माणसाने वाचावं लागतं. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे सगळ्यात जास्त चुका सापडतात. फाईल पूर्णच गेली असेल आणि छापील प्रत असेल, तर ती स्कॅन करून संगणकाकडून मराठी वाचून घेण्याचं तंत्रही आता बऱ्यापैकी चालतं.

पुढच्या कामासाठीही वाट आहे. यशोमुद्रा, मुक्त, बालू, नोटो असे युनिकोड फाँट मोफत मिळतात. स्क्रायबस हे पानं लावायचं खुलं सॉफ्टवेअर आता देवनागरी नीट दाखवतं. अण्णांनी त्याच्यावर एक छोटी पुस्तिका करून पाहिली. बोटं अडखळतात म्हणाले, पण सुनेला जमतंय. पत्रिकांसाठी ते अजून जुन्याच यंत्रावर बसतात आणि बसतील. त्यांना मी त्याबद्दल काही म्हणत नाही.

सोलापुरात असोत, इचलकरंजीत, मालेगावात की सांगलीत, ज्यांच्याकडे अशा फायली आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शेवट पी-६५ किंवा पीएमडी असलेल्या फायली शोधा. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याची डिस्क दोन ठिकाणी उतरवून घ्या, फाँटांचं फोल्डर विसरू नका. जिथे पेजमेकर अजून चालतो तिथे आधी प्रत्येक पानाची पीडीएफ करा, म्हणजे दिसणं तरी जपलं जाईल. मग मजकूर युनिकोडमध्ये आणा, म्हणजे तो शोधता येईल. संस्थांनी आपल्या स्मरणिकेचा मजकूर डीटीपीवाल्याकडून मागून घ्यावा आणि या कामाचे त्याला पैसे द्यावेत. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आणि वाचनालयांनी यात हात घातला तर विद्यार्थ्यांच्या मदतीने एका उन्हाळ्यात पुष्कळ काम होईल. अण्णांच्या दुकानात डबीभर सीड्या आहेत. त्यांतल्या काही अजून वाचल्या जातात, पुढच्या पाच वर्षांत जातीलच असं नाही. हे काम या वर्षी हातात घ्या.